रंग सुकण्याचे दिवस

दिवाळी उलटली की आमच्या घराच्या भिंतींची ओल उतरायला लागते. चार महिने फुगून बसलेलं मधल्या खोलीचं दार एके सकाळी आपसूक लागतं, बरणीतलं मीठ सुटं होतं, गादीखालच्या वर्तमानपत्राला पुन्हा कागदाचा आवाज येतो. भातं झोडून झालेली असतात. मळ्यांत नुसती खुंटं उरतात आणि त्यांच्यावर पहाटेचं दव. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो, कोरडा, वाळल्या गवताचा वास घेऊन. लोक या दिवसांना थंडीचे दिवस म्हणतात, कलमवाले मोहोराचे. माझ्या मुलानं त्यांना तिसरंच नाव ठेवलं होतं. तो म्हणायचा, रंगाचा हंगाम.

यंदाही तो आला. मागच्या मंगळवारी दार लागलं. मी कडीला हात लावून तसाच उभा राहिलो. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी ते दार पुन्हा उघडून ठेवलं.

माझं कट्टा गावच्या बाजारात मोटरी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप जळला की लोक तो माझ्याकडे आणतात. मी जळकी तार उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार भरतो. तीस वर्षं हेच केलं. बायको शैला घर आणि मागची आंब्याची कलमं बघते. निखिल आमचा एकुलता. तो बोटीवर असायचा, मालवाहू जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. प्रत्येक वाडीत एखाददुसऱ्या घरचा मुलगा असाच पाण्यावर असतो आणि त्याची आई फोन उशाला ठेवून दुपारची आडवी होते.

निखिलला छोट्या गाड्या बनवायचा नाद. खेळण्यातल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, तळहाताहून थोड्या लांब, पण आतलं स्टिअरिंग, सीट, इंजिन, आरसे सगळं जिथल्या तिथे. पहिल्या बोटीवरून उतरताना त्यानं परदेशातून असला एक खोका आणला. मला वाटलं आत गाडी असेल. आत होत्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना शेकडो बारीक भाग लटकलेले. ते एकेक कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यातही खोक्यावर जसं चित्र असेल तशी गाडी त्याला नकोच असायची. तो दारं कापून ती उघडती करायचा, चाकं रुंद करायचा, छप्पर खाली आणायचा, नव्या कोऱ्या गाडीवर मुद्दाम गंज चढवायचा. एकदा त्यानं एका विदेशी गाडीच्या चाकांवर आमच्याकडचा तांबडा चिखल असा उठवला की शैला फडकं घेऊन पुसायला गेली.

"गो आये, ता पुसू नको! तीन दिवस लागले तो चिखल करूक," तो ओरडला.

"तीन दिवस? पावसात माज्या अंगणात ये, तीन मिनटांत देतंय," ती म्हणाली.

पावसात मात्र रंगाचं काम बंद. हवेतला दमटपणा ओल्या रंगात शिरतो आणि सुकताना वर पांढुरकी साय धरते. दोन पावसाळे त्यानं हट्टानं रंगवून पाहिलं आणि दोन्ही वेळा गाड्या फुकट घालवल्या. तेव्हापासून तो सुट्टीही दिवाळीनंतरची मागायचा. पडवीच्या टोकाला टेबल, टेबलावर दिवा, खिडकी बंद, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, धूळ उडू नये म्हणून. रंगाच्या त्या वासानं मला दुकानातल्या व्हार्निशची आठवण व्हायची. बापलेकांच्या कामाचा वास एकच, असं मनात यायचं. बोलायचो नाही. आम्ही बापलेक फार बोलणारे कधीच नव्हतो.

गेल्या साली गणपतीच्या सुमाराला त्याचे फोन तुटक यायला लागले. दसऱ्यापर्यंत सगळं उघड झालं. जहाजाच्या मालकानं हात वर केले होते. आधी पगार थांबले, मग डिझेल, मग जेवणाचं सामान. जहाज एका परक्या बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. वर नऊ माणसं. तिथले अधिकारी कोणाला उतरू देईनात, कारण मागे जहाजाची जबाबदारी घ्यायला कोणी नव्हतं. ज्या एजंटानं निखिलला पाठवलं होतं त्याचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा.

त्या बंदराचं नाव मी कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. मला ते नीट उच्चारता येत नव्हतं. जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो, तिथल्या बाईंनी सभ्यपणे विचारलं, "काका, हे ठिकाण नेमकं कुठे आलं?" मी कागद पुढे केला. देवळात गाऱ्हाणं घालायला गेलो, तिथेही मानकऱ्यानं मुलाचंच विचारलं, "झील खंय आसा तुजो?" मी पुन्हा कागद काढला. त्यानं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि देवाला सांगितलं, "म्हाराजा, हेचो झील पाण्यात आसा, तेका जमनीक लाव." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी कागद घडी करून परत खिशात ठेवला.

जहाजावर जनरेटर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, तासभर चालवत. त्या तासात नऊ फोन चार्ज व्हायचे आणि प्रत्येकाला घरी बोलायला चार-पाच मिनिटं मिळायची. आमच्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत. बुधवारपासून शैलाचं जेवण उतरायचं नाही. गुरुवारी मी दुकान बंद ठेवायचो. फोन यायचा, ती विचारायची, "जेवलंस?" तो म्हणायचा, "जेवलंय." मग ती रडायची, मग तो गप्प, मी गप्प, आणि पाच मिनिटं संपून जायची. तो काय जेवत होता ते मला पुढे कळलं. भात आणि मीठ, कधी गळाला लागलेली मासळी. पिण्याला पावसाचं धरून ठेवलेलं पाणी, त्याला पत्र्याची चव.

असे तीन-चार गुरुवार गेले. त्या बोलण्यानं कोणाचंच भलं होत नव्हतं. उलट फोन ठेवल्यावर आम्ही दोघं घरात एकमेकांकडे बघायला भीत होतो.

मग दिवाळी झाली आणि पुढच्याच गुरुवारी त्यानं शैलाला थांबवून मला फोनवर मागितलं.

"बाबा, दार लागला?" तो म्हणाला.

"खंयचा दार?"

"मदल्या खोलयेचा."

"लागला परवा."

"मगे हवा सुकी झाली. माज्या टेबलावर ती दोन दारांची गाडी आसा. अर्धी रवलेली. तिका प्रायमर मारूक होयो."

मला आधी कळेना हा काय बोलतोय. वाटलं, उपासानं डोकं फिरलं. पण त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी सरळ होता. तो सांगत गेला. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात धरा. पंधरा वेळा हलवा. गाडीचा सांगाडा रिकाम्या बाटलीवर चढवा म्हणजे बोट लागणार नाही. एक वीत अंतर ठेवा. पहिला हात नुसता भुरभुरता, खालचं प्लास्टिक दिसलं पाहिजे. पाच मिनिटं संपली तेव्हा तो म्हणाला, "पुढल्या गुरवारी सांगा कसो बसलो तो."

फोन ठेवल्यावर शैला म्हणाली, "जेवलो की नाय ता विचारलास?"

मी म्हटलं, "नाय."

ती जी आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मी टेबलावरचं फडकं उचललं. पावसाळाभर झाकलेली ती गाडी, राखाडी, बिनचाकाची, एक दार सुटं. हातात घेतली तर वजनच नाही. माझ्या बोटांना पंपाच्या बॉडीची सवय. पहिल्याच दिवशी मी तिचा एक आरसा मोडला. तांदळाच्या दाण्याएवढा आरसा. जमिनीवर गुडघे टेकून तासभर शोधला, सापडला, पुन्हा चिकटवताना बोटालाच चिकटला. मी त्या टेबलाशी बसून रडलो. एवढ्याशा आरशासाठी नव्हे, पण निमित्त त्याचंच.

पुढचे काही गुरुवार असेच गेले. तो सांगायचा, मी आठवडाभर करायचो. जोडाच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. दारांची बिजागरी त्यानं टाचणीची करायचं ठरवलं होतं. मी तांब्याच्या तारेची केली आणि त्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "बाबा, मगे इंजिनाचे वायरी पण करा. तुमच्याकडे केसाएवढी तार आसतली." होती. दुकानात असली तार रिळांनी पडलेली. बिनवायरीचं इंजिन खोट्यासारखं दिसतं, हे त्याचं म्हणणं मला पटलं. भिंग लावून मी एकेक तार त्या शेंगदाण्याएवढ्या इंजिनात बसवली. त्या वेळापुरता मी विसरायचो. आणि विसरलो होतो हे लक्षात आलं की स्वतःची लाज वाटायची.

शैलाला हे सगळं डोळ्यासमोर नको व्हायचं. एकदा ती दारात उभी राहून म्हणाली, "झील थंय उपाशी आसा आणि तुमी खेळण्यात लागलास. लोकांनी बघल्यानी तर काय म्हणतले?"

"तो सांगता म्हणान करतंय."

"तो काय पण सांगात. तेका बोलाक काय नाय म्हणान तो सांगता."

बरोबर होतं तिचं. त्याला बोलायला दुसरं काहीच नव्हतं. मलाही नव्हतं.

रंग त्यानं हिरवा सांगितला होता. पानाचा हिरवा नव्हे, बाटलीचा, गडद. मी घाई केली. पहिला हात पुरता सुकायच्या आत दुसरा मारला, डबा जवळ धरला, आणि दाराखाली रंगाचे ओघळ आले. गुरुवारी मी ते सांगितलं. मला वाटलं तो उपाय सांगेल.

तो पिसाळलाच. "एक काम सांगलंय तुमका. एक! ता पण तुमका धड जमला नाय? किती वेळा सांगलंय लांबसून मारा म्हणान! घायी कसली होती? तुमका खंय जावचा होता?"

माझ्याशी तो असा कधी बोलला नव्हता. शैलानं फोन माझ्या हातून ओढायला बघितला. मी सोडला नाही. पलीकडे तो धापा टाकत होता. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"बाबा, काल आमचो कुक पाण्यात उडी मारूक गेलो. आमी तिघांनी तेका धरलो. म्हातारो आसा तो, तुमच्या वयाचो. तेका धरून ठेवताना माका वाटला, कित्या धरतंय मी हेका? सोडूया. मगे मी पण..."

शैला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ऐकू गेलं नव्हतं आणि जाऊ नये म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला होता. देव आहे, सगळं ठीक होईल, धीर धर, ही वाक्यं मी शेकडो लोकांकडून ऐकून घेतली होती आणि त्यांचा उपयोग किती असतो ते मला माहीत होतं.

मी म्हटलं, "निखिल, मी रंग घासून काढतंय. परत मारतंय. पण ओघळ घासतत कसे ता माका म्हायत नाय. तू सांगूक होयो. ह्या गुरवारी, आणि पुढल्या गुरवारी पण. तू नसलंस तर ही गाडी माका जमाची नाय. आयकलंस? तू नसलंस तर काय्येक जमाचा नाय."

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, मग त्याचा.

"बाराशे नंबरचो पेपर घ्या," तो म्हणाला. "पाण्यात बुडवून. हळू घासा."

मी घासली. त्या आठवड्यात मी इतक्या हळू घासली की पेपरचा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. डिसेंबर लागला होता. मागच्या कलमांना मोहोर फुटला, त्याचा तुरट गोड वास पडवीत यायचा. एरवी मोहोर आला की शैला कलमाखाली उभी राहून वर बघत राहायची, फळ किती धरेल याचा अंदाज घेत. त्या साली ती तिकडे फिरकलीच नाही. तुडतुडे पडले, मोहोर काळा पडून गळला, औषध मारायचं कोणाला सुचलं नाही.

जानेवारीत हिरवा रंग बसला. चार पातळ हात, मग वर चकाकीचा थर. एवढा नितळ की खिडकीचे गज त्यात सरळ दिसत होते. दारं उघडत होती, मिटत होती. चाकं बसली, काचा बसल्या, आरसा बसला. बुधवारी दुपारी मी ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि मागे सरून पाहिली. माझ्या या हातांनी झालेली. शैला चहा घेऊन आली, ती पण थांबली. कप ठेवून गाडीकडे बघत उभी होती.

गुरुवारी त्याचा फोन आला तेव्हा मी हेच सांगायच्या तयारीत होतो. तो आधी बोलला.

"बाबा, पाच जणांका सोडतत. कुकाक पण. चार जणांनी रवाचा. जहाज रिकामा सोडूक गावणा नाय. ज्यांका बायको-पोरां आसत ते जातले."

त्याचं लग्न झालं नव्हतं. मला पुढे विचारायची गरजच नव्हती.

"कितके दिवस?" मी विचारलं.

"सांगणत नाय. कोर्टात आसा म्हणतत." मग थोडं थांबून, "गाडी खंयपर्यंत इली?"

गाडी माझ्या समोर होती. पूर्ण. एक स्क्रू बाकी नव्हता. आणि मला दिसलं की पुढच्या गुरुवारी आमच्याकडे बोलायला काही नसणार. त्याच्या पुढच्याही. चार माणसं, रिकामं जहाज, आणि पाच मिनिटं, ज्यात आई विचारणार जेवलंस का.

"रंग परत बिगाडलो," मी म्हटलं. "सगळो काढूक होयो. कसो काढतत?"

त्यानं लगेच काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "थिनर लावू नकात. प्लास्टिक वितळतला. ब्रेक ऑइल घेवन येवा गॅरेजसून. तेच्यात बुडवून ठेवा."

फोन ठेवल्यावर मी कट्ट्याच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइलची बाटली आणली. चाकं काढली, काचा काढल्या, इंजिन उचकटलं. सांगाडा डब्यात बुडवून वर ऑइल ओतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाला सुरकुत्या पडल्या, उकळलेल्या दुधाच्या सायीसारखा तो अंग सोडून वर आला. जुन्या दात घासायच्या ब्रशानं मी तो खरवडला. हिरवं पाणी मोरीतून वाहून गेलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात हातानं मोडलं नव्हतं. जळकी मोटर उपसताना सुद्धा माणूस ती पुढे सुधारणार म्हणून उपसतो.

शैला मोरीच्या दारात आली. तिनं डबा बघितला, माझे हात बघितले. मला वाटलं आता ती बोलणार. ती खाली बसली, ब्रश माझ्या हातातून घेतला आणि दाराच्या सांध्यातला उरलेला रंग काढायला लागली. तिची बोटं माझ्याहून बारीक. आम्ही दोघं त्या मोरीत बसून आमचं पोर घासतोय असं मला वाटलं, लहानपणी न्हाऊ घालायचो तसं.

हिरवा डबा संपला होता म्हणून दुसऱ्या खेपेला पांढरा. पांढरा रंग लवकर झाकत नाही. ते बरंच होतं.

आंगणेवाडीच्या जत्रेला शैलानं ओटी बोलली होती. जत्रेचा दिवस नेमका गुरुवारी आला. मी म्हटलं, नको जाऊया, तीनला फोन असतो. ती म्हणाली, दर्शन करून दोनला बाहेर पडू, फोन बरोबर आहेच. रांग संपता संपेना. मसुऱ्याच्या त्या माळावर एवढं माणूस लोटलेलं की मोबाइलचं नेटवर्कच बसलं. अडीच झाले, पावणेतीन झाले. माझ्या फोनवर एक काडी दिसायची आणि जायची. शैला रांगेत देवीपासून वीस-पंचवीस माणसांवर होती. तिनं मागे वळून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रांग सोडली. हातात ओटीचं ताट, नारळ, खण तसंच. आम्ही दुकानांमधून, माणसांच्या खांद्यांना धक्के देत, मळ्यांत उतरलो आणि पळत सुटलो. पन्नाशीपलीकडची दोन माणसं कापलेल्या भाताच्या खुंटांतून फोन वर धरून पळतायत. कोणीतरी हसलं सुद्धा. एका बांधावर फोन थरथरला. आलेला फोन नव्हता. येऊन गेलेल्याचा निरोप होता, तीन वेळा केल्याचा.

परत लावला तर बंद.

शैला बांधावर बसली. ताटातला नारळ तिनं मांडीवर घेतला. "माज्यामुळे झाला ह्या," ती म्हणाली. मी नाही म्हणायला हवं होतं. मी काहीच म्हटलं नाही. आजही ते मला सलतं. तिच्या शेजारी बसलो एवढंच.

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या सोळा-सतरा दिवसांचं मला काही लिहिता येणार नाही. दिवस उजाडायचा, हवा कोरडी ठणठणीत, रंगाला याहून चांगली हवा मिळणार नाही अशी. पांढरी गाडी टेबलावर अर्ध्या रंगात उभी. मी तिला हात लावला नाही. आता त्यानं सांगितल्याशिवाय एक थरही मारला तर काहीतरी वाईट होईल, असं डोक्यात बसलं होतं. शैला जेवायची नाही, मी जेवलोय असं तिला खोटं सांगायचो. त्याच्याकडूनच शिकलो होतो.

मग एका शनिवारी, सकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला. खलाशांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या कोणी बाई हिंदीत बोलत होत्या. जनरेटरचं डिझेल संपलं म्हणून फोन बंद पडले होते, आता कोर्टानं जहाज विकायला काढलं होतं, चौघांना खाली उतरवलं होतं, ते एका वसतिगृहात होते. मग त्यांनी फोन निखिलला दिला. तो म्हणाला, "आये, न्हालंय मी. गरम पाण्यान." शैला त्यावर जी रडली ते ऐकून शेजारची माणसं धावत आली. त्यांना वाटलं वाईट बातमी.

तो शिमग्याच्या आधी आला. कुडाळ स्टेशनावर आधी मी त्याला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, केस मानेपर्यंत. पिशवीत दोन कपडे. घरी आल्यावर तो पहिले काही दिवस प्रत्येक घोट पाणी तोंडात धरून मग गिळायचा. अजूनही ताटात भात उरला तर त्याचा चेहरा बदलतो. तो बोटीवर परत गेलेला नाही. माझ्याबरोबर दुकानात येतो, पंप उघडून देतो, संध्याकाळी परततो. त्या कुकाचा नंबर त्याच्याकडे आहे. लावला तर उचलत नाही. निखिल रविवारी तो लावून बघतो, वाजू देतो, ठेवतो.

पडवीच्या टेबलाशी तो आल्यापासून बसलेला नाही. पावसाळाभर त्यावर फडकं होतं. मीही विषय काढला नाही. त्या गाडीशी त्याच्या डोक्यात काय काय जोडलं गेलं असेल कोण जाणे. पण माझ्या मनात एक काटा राहिला होता. त्याच्या त्या दिवसांत, जेव्हा खरं बोलणारं एक तरी माणूस त्याला हवं होतं, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोललो होतो. रंग बिघडला नव्हता.

मागच्या मंगळवारी दार लागलं, मी ते उघडून ठेवलं, आणि मागे निखिल उभा होता. चहाचा कप हातात. दार लागल्याचा आवाज त्यानंही ऐकला होता. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं.

"निखिल, तुका एक सांगूचा होता. त्या दिवशी, पाच जणांका सोडल्यानी तेव्हा... रंग बिगडूक नव्हतो. गाडी झालेली. मीच काढलंय तो रंग."

तो चहा पीत राहिला.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "आयेन बुधवारी फोटो धाडलेलो. गुरवारी फोन चालू केल्यार पयलो तोच बघलंय."

म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा फोटो त्याच्या हातात होता. आणि तरीही तो मला ब्रेक ऑइल आणायला सांगत होता.

"मगे बोललंस कित्या नाय?"

त्यानं कप खिडकीत ठेवला. टेबलापर्यंत गेला, फडकं न उचलता वरूनच त्यावर हात ठेवला, आतलं छप्पर चाचपल्यासारखा.

"तुमी हिरवो बरो मारलेलास, बाबा," तो म्हणाला. "इतको बरो माका पण कधी जमूक नाय."